शताब्दीचं साल आणि रजिस्टरचा समास : जुन्या नाशकातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा जुन्या नाशकातली, गंगेपासून (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) चालत पाच-सात मिनिटांवर. संस्था खासगी असली तरी शाळा अनुदानित. पगार सरकारचा, संच मान्यता (पटावरून किती शिक्षक, ते ठरवणारी मंजुरी) सरकारची, तपासणी सरकारची. थोडक्यात, सार्वजनिक पैशावर चालणारी साधी मराठी शाळा. शाळेचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. मी या शाळेत इतिहास शिकवला, तिथूनच निवृत्त झालो. शताब्दीच्या स्मरणिका समितीचा चिटणीस म्हणून पुढचं सगळं जवळून पाहिलं. त्यातले काही निर्णय माझेच आहेत.

एके काळी शाळेत प्रवेश मिळणं कठीण होतं. भद्रकाली, तांबट आळी, तिवंधा, सराफ बाजार, पलीकडून पंचवटी, सगळीकडची मुलं इथे यायची. सातपूरला औद्योगिक वसाहत झाली, ओझरला विमानांचा कारखाना आला आणि घरं सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडकडे सरकली. वाडे रिकामे झाले. आज शाळेत येणारी निम्मी मुलं अशा घरांतली आहेत, की आईवडील गावाकडून किंवा परप्रांतातून कामासाठी आलेत. पेठ-सुरगाण्याकडची मुलं आहेत. पट घटतो तसे शिक्षक अतिरिक्त ठरतात. म्हणून शताब्दी हा नुसता उत्सव नव्हता. शाळा अजून आहे, हे गावाला सांगायची ती संधी होती.

दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटीत स्थापनेचं साल कोरलेलं आहे. सभागृहात एका मोठ्या नेत्याची तसबीर आहे. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत होते आणि पुढे राज्यभर त्यांचं नाव झालं. ‘आपल्या शाळेचे विद्यार्थी’ ही ओळ तसबिरीखाली कधीपासून आहे, कुणाला सांगता येत नाही. दर पंधरा ऑगस्टला ती ओळ भाषणात यायची. मी स्वतः ती वर्गात अनेकदा सांगितली आहे.

अडचण कशी समोर आली

माजी विद्यार्थी मंडळाने स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्या नेत्यांचं चित्र घ्यायचं ठरवलं. त्यांच्याच नावाने प्रवेशद्वार बांधायला एका लोकप्रतिनिधींनी निधी देऊ केला. प्रस्तावाला पुरावा जोडावा लागणार होता. मुख्याध्यापिका मॅडमनी मला सांगितलं, “सर, जनरल रजिस्टरमधली त्यांची नोंद काढून द्या, झेरॉक्स जोडू.”

जनरल रजिस्टर म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ त्यात असते : अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून लिहितात. हे दप्तर कायम जपायचं असतं. जात पडताळणीला ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणून आजोबांच्या त्या एका ओळीसाठी लोक गावोगावच्या शाळा धुंडाळतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांना, म्हणजे लिपिकांना, मान वर करायला फुरसत नाही.

भाऊसाहेबांनी लोखंडी कपाट उघडलं. पहिली दोन रजिस्टरं इंग्रजीत, टाकाने लिहिलेली, पुढची मराठीत. १९६९ च्या सप्टेंबरातल्या महापुराचं पाणी शाळेतही आलं होतं. जुने लोक सांगतात, कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले आणि शिपायांनी रजिस्टरं गच्चीवर उघडी टाकून वाळवली. पानं अजून लाटांसारखी आहेत. एक गोष्ट बघून मी थबकलो. सगळ्यात जुन्या नोंदी स्वच्छ वाचता येत होत्या आणि पन्नास-साठच्या दशकातली पानंच्या पानं फिकट निळी झाली होती. जुनी काळी शाई कागदात मुरते, पाण्याला दाद देत नाही. नंतरच्या फौंटन पेनची निळी शाई धुऊन निघाली. ज्या वर्षांचा पुरावा लोकांना आज सगळ्यात जास्त लागतो, नेमकी तीच वर्षं पुसली गेली आहेत.

तीन दिवस शोधलं. त्या नेत्यांचं नाव सापडलं नाही. सापडला तो त्यांचा नामबंधू. पहिलं नाव तेच, आडनाव तेच, वडिलांचं नाव वेगळं. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात ‘कॉपरस्मिथ’, पत्ता तांबट आळी. इंग्रजी चौथीत, म्हणजे आजच्या आठवीत, शाळा सोडलेली. नेत्यांच्या चरित्रात त्यांच्या शाळेचं नाव स्पष्ट आहे आणि ती शाळा दुसरी आहे. कुणीतरी कधीतरी रजिस्टरमध्ये नाव पाहिलं असावं, वडिलांच्या नावाकडे लक्ष गेलं नसावं, आणि तसबीर लागली.

त्याच तीन दिवसांत दुसरी गोष्ट कळली. रजिस्टरमधली पहिली नोंद भिंतीवरच्या सालानंतर सात वर्षांनी झालेली होती. म्हणजे शताब्दीच सात वर्षं पुढे.

समोर असलेले पर्याय

समितीच्या बैठकीत मी दोन्ही गोष्टी मांडल्या. खोलीत शांतता पसरली. मंडळाचे अध्यक्ष माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, “सर, आमच्या वडिलांनी आम्हाला हाताला धरून ती तसबीर दाखवली होती. ती तुम्ही भिंतीवरून काढायला निघालात.” मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

पहिला पर्याय म्हणजे जसं चाललंय तसं चालू द्यायचं. ‘परंपरेनुसार’ हा शब्द घालायचा, नोंद पुरात गेली म्हणायचं. हा मोह मोठा होता, कारण पूर खरंच आला होता आणि पानं खरंच गेली होती. पण त्या नेत्यांच्या शाळकरी वयाची पानं शाबूत होती, आम्ही ती पाहिली होती. पाहिल्यावर पुराचं नाव पुढे करणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. शिवाय याच कपाटातून आम्ही लोकांना दाखले देतो. आपल्या सोयीसाठी रजिस्टर बाजूला सारायचं आणि दुसऱ्याला मात्र “नोंदीत नाही, देता येत नाही” म्हणायचं, हे माझ्या आणि मॅडमच्याही मनाला पटेना.

दुसरा पर्याय शताब्दी सात वर्षं पुढे ढकलायचा. देणग्या जमा झाल्या होत्या, मांडव ठरला होता. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माजी विद्यार्थ्यांना सात वर्षं थांबा म्हणणं क्रूर होतं. तो विषय पाच मिनिटांत संपला.

तिसरा पर्याय सोहळा ठरल्या वेळी करायचा, स्मरणिकेत मात्र रजिस्टरचंच साल छापायचं आणि नेत्यांचा उल्लेख पूर्ण वगळायचा. चौथा भाऊसाहेबांनी सुचवला : दोन्ही छापा, पण कुठलं ऐकलेलं आणि कुठलं लिहिलेलं, ते वेगळं सांगा. भाऊसाहेब समितीचे सभासद नव्हते, चहा घेऊन आलेल्या शिपायामागे कागद घेऊन उभे होते. सगळ्यात शहाणं बोलणं त्या दिवशी त्यांचं होतं, आणि आम्ही ते त्या दिवशी ऐकलं नाही. बहुमताने तिसरा पर्याय मंजूर झाला. त्याचा आग्रह मीच धरला होता. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तोच स्वच्छ वाटला.

काय केलं

मुखपृष्ठ बदललं. छापून आलेलं कव्हर रद्द करावं लागलं, तो खर्च आम्ही चौघांनी वाटून घेतला. प्रवेशद्वाराचा प्रस्ताव पुढे सरकला नाही. मंडळातून दोघे जण बाहेर पडले.

नेत्यांऐवजी स्मरणिकेत काय घ्यायचं, तर रजिस्टरच घेऊ, असं ठरलं. त्यातून शाळा कशी होती ते दिसेल. त्यासाठी ती आधी सावरायला हवी होती. तिसऱ्या रजिस्टरची शिवण सुटली होती, म्हणून ते बांधणीला दिलं. दुसरं बारीक आणि धडधाकट होतं, ते कपाटातच राहिलं. आठवड्याने तिसरं परत आलं. पाठीला लाल कापड, कोपऱ्यांना रेक्झिन, तिन्ही कडा सारख्या कापलेल्या. आम्ही कारागिराचं कौतुक केलं.

मग खिडकीजवळ टेबल लावून पहिल्या दोन रजिस्टरांचे फोटो काढायला बसलो. नववीच्या मुलांना मदतीला घ्यावं, ही एका तरुण शिक्षकाची सूचना होती. मी नको म्हटलं. रजिस्टरमध्ये जात आहे, वर्तणुकीचे शेरे आहेत, ‘नापास’, ‘वाईट संगत’ आहे. वर्गातल्याच एखाद्याच्या पणजोबांबद्दल ते मुलांनी वाचून मधल्या सुट्टीत बोलावं, हे बरं नव्हतं. आम्ही तीन निवृत्त शिक्षकांनीच ते काम केलं.

नामबंधूची ओळ पुन्हा समोर आली. आता उजेड तिरपा होता. डाव्या समासात, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसली. मोडीत होती. आमच्यापैकी कुणालाच मोडी येत नव्हती. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं आणि सहज वाचलं : “फी आमचेकडे.” पुढे हेडमास्तरांच्या सहीतली पहिली दोन अक्षरं.

त्या ओळीतल्या तारखा मग नीट पाहिल्या. फी थकल्यामुळे मुलाचं नाव कमी झालं होतं, महिन्याभरात पुन्हा दाखल. पुन्हा कमी, पुन्हा दाखल. तीनदा. तिन्ही वेळा समासात पेन्सिलीची खूण. शेवटी इंग्रजी चौथीत कारण लिहिलंय ‘धंदा’. त्यापुढे खूण नाही.

त्या काळी हायस्कूलला फी होती. इंग्रजी पहिली ते सातवी, सातवी म्हणजे मॅट्रिक, आणि ती परीक्षा मुंबई विद्यापीठाची. गरीब मुलाला नादारी, म्हणजे फीमाफी, मिळायची, पूर्ण किंवा अर्धी, पण नादारीच्या जागा मोजक्या. कुणी बोर्डिंगात राहायचं, कुणी वार लावून जेवायचं. नादारीत न बसलेल्या मुलाची फी थकली की नाव कमी. ही खूण त्या मुलांसाठी होती. दुसरं रजिस्टर आम्ही पान पान तिरप्या उजेडात धरलं. अशा एकतीस ओळी सापडल्या. तांबटांची मुलं होती, विडी कामगारांची होती, एका टांगेवाल्याचा मुलगा, एका पुजाऱ्याचा, दोन मुलं बोर्डिंगातली. जातीच्या रकान्यात वेगवेगळं काही आणि समासात सगळीकडे तेच दोन शब्द.

मग तिसरं रजिस्टर घेतलं. त्याला समास नव्हता. कड रकान्याच्या पहिल्या रेघेपर्यंत नीट कापून आली होती. काही पानांवर पेन्सिलीच्या अक्षरांची शेपटं उरली होती, वाचण्याइतकी नाहीत. ते हेडमास्तर तिसऱ्या रजिस्टरच्या काळातही शाळेत होते. त्यांनी आणखी किती मुलांची फी भरली, किती वर्षं भरली, हे त्या कातरणात गेलं. बांधणीवाल्याचा दोष नाही. त्याने कडा सारख्या केल्या, ते त्याचं कामच. आधी फोटो काढायला हवे होते आणि “कड कापू नका” एवढं सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही.

निष्पत्ती

स्मरणिका निघाली. मधली सोळा पानं रजिस्टरवर आहेत. एकतीस मुलांची नावं छापायची का, यावर दोन बैठका झाल्या. आपल्या घरातल्या माणसाची फी दुसऱ्याने भरली होती, हे छापील कागदावर वाचणं प्रत्येक घराला रुचेलच असं नाही. ज्यांच्या घरचे भेटले आणि हो म्हणाले, त्यांचीच नावं घेतली. ती नऊ आहेत. जात कुणाचीच छापली नाही.

सोहळा झाला. त्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष आले नाहीत.

दोन महिन्यांनी ते माझ्या घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी. गंगेकडच्या उतारावरच्या एका वाड्याच्या मालकांच्या नातवाकडून त्यांनी जुन्या भाडेपावत्या मिळवल्या होत्या. आमच्या संस्थापकांच्या नावाने, ‘इंग्रजी क्लासकरिता माडी’. सगळ्यात जुनी पावती भिंतीवरच्या सालातली. शाळेला सरकारी मान्यता मिळण्याआधी सात वर्षं त्या माडीवर क्लास चालत होता. रजिस्टर सुरू झालं ते मान्यतेबरोबर. पाटी खोटी नव्हती. मी ज्याला चूक म्हणून बैठकीत मांडलं होतं, ती शाळेची पहिली सात वर्षं होती, ज्यांना रजिस्टर नव्हतं.

आम्ही चार पानांची पुरवणी छापली आणि उरलेल्या प्रतींत घातली. गेलेल्या प्रतींसाठी पोस्टाने पाठवली. त्यात पावतीचं छायाचित्र आहे, दोन्ही सालं आहेत, कुठलं साल कशाचं ते आहे. तसबीर काढली नाही. खालची ओळ बदलली : ‘यांच्या नावाचा एक विद्यार्थी या शाळेत होता’, आणि त्याखाली तांबट आळीतल्या मुलाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांच्या नातवाला विचारून.

वेगळं काय करता आलं असतं

समासाचं वर लिहिलंच आहे. ज्या शाळांची शंभरी जवळ आली आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती : रजिस्टर बांधणीला देण्याआधी प्रत्येक पानाचा कडेपासून कडेपर्यंत फोटो घ्या, नुसत्या रकान्यांचा नको. एकदा सरळ उजेडात, एकदा तिरप्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मोडी वाचणारा माणूस जिल्ह्यात असतोच, तो आधी शोधा.

दुसरं, मी शाळेच्या कपाटात उत्तर शोधलं आणि तिथे मिळालं नाही म्हणून ते नाहीच, असं ठरवलं. वाडेमालक, बोर्डिंगं, संस्थापकांची नातवंडं यांच्याकडे आधी जायला हवं होतं. अध्यक्षांना भर बैठकीत रजिस्टर दाखवण्याऐवजी त्यांच्या घरी जाऊन दाखवलं असतं, तर बहुधा त्या पावत्या दोन महिने आधी मिळाल्या असत्या. भाऊसाहेबांचा पर्याय पहिल्याच दिवशी मान्य केला असता, तर कव्हरचा खर्च वाचला असता आणि दोन माणसं दुरावली नसती. त्यांपैकी एक अजून बोलत नाहीत.

तिसरं, स्मरणिका जुन्या काळातच रमली. १९७५ ला अकरावीची जागा दहावीने घेतली, त्यानंतरच्या शाळेवर आम्ही जेमतेम तीन पानं दिली. मुली मोठ्या संख्येने याच काळात आल्या. आज वर्गात बसणारी पेठ-सुरगाण्याची मुलं त्यात जवळपास नाहीतच. मुख्याध्यापिका मॅडमनी हे पुरवणीच्या वेळी बोलून दाखवलं आणि त्यांचं खरं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

तसबिरीखालच्या ओळीची परवानगी घ्यायला तांबट आळीत गेलो, तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या नातवाने विचारलं, “सर, आमच्या आजोबांचा हंडा अजून आहे का शाळेत?” आजोबांनी धंदा सुरू केल्यावर पहिला मोठा हंडा स्वतः ठोकून हेडमास्तरांना नेऊन दिला, त्यांनी तो घरी न नेता शाळेत ठेवला, असं त्यांच्या घरात सांगतात. काठावर ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं म्हणे.

हंडा मला आठवत होता. शिक्षकदालनाच्या कोपऱ्यात लाकडी तिवईवर असायचा, वर पितळी झाकण. काठाला हात लावला की ठिपके बोटांना लागायचे. स्टीलची टाकी आली तेव्हा तो अडगळीत गेला आणि पुढे निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी म्हणून काढून टाकायच्या वस्तूंच्या यादीत, मोडक्या बाकांबरोबर. त्या यादीवर तीन सह्या लागतात. एक माझी आहे.

परत येऊन डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, काढलं. नोंद आहे : ‘तांब्याचा हंडा, नग १, देणगी.’ देणगीदाराचा रकाना रिकामा. त्या रजिस्टरचाही समास मी तिरप्या उजेडात पाहिला. तिथे काही नव्हतं. काठावर नाव आजोबांचं होतं की हेडमास्तरांचं, हे नातवालाही माहीत नाही आणि ते मी कधी वाचलं नाही.